वाढीला जागा

हुपरीत लहान पोराचे तोडे करायचे म्हटलं की लोक जोतीराम पोतदाराचंच दार ठोठावायचे. कारण साधं होतं. त्याचे तोडे दोन-दोन वर्षं पुरायचे. बाकीचे कारागीर मापाला माप करून मोकळे व्हायचे आणि सहा महिन्यांत पोराच्या पायावर वळ उठले की आया तोंड सोडत परत यायच्या. जोतीराम दोऱ्यानं पाय मोजायचा, मग त्या दोऱ्याच्या पुढं आपली करंगळी ठेवायचा, आणि करंगळीच्या पलीकडं तार कापायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "वाढतं अंग हाय, पावणं. वाढीला जागा नको व्हय?" बापानं त्याला सगळ्यात आधी शिकवलं ते हे. टाका मारून सांधणं, चांदीचे बारीक दाणे म्हणजे रवा काढणं, ते सगळं नंतर.

शाहू महाराजांचं राज्य होतं, आणि हुपरीत घरोघर चांदी वितळवायच्या शेगड्या नुकत्या कुठं पेटायला लागल्या होत्या. जोतीरामच्या घरात माणसं तीन. तो, त्याची मुलगी ताना, आणि त्याची थोरली बहीण आक्का. तानाची आई प्लेगात गेली तेव्हा ताना दोन वर्षांची होती, म्हणजे आई तिला आठवायचीच नाही. तिला वाढवलं आक्कानं.

या आक्काचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आक्काचा खालचा जबडा पुढं आलेला होता. थोडाथोडका नव्हे. खालचे दात वरच्या दातांच्या चांगले बोटभर पुढं, आणि तोंड मिटलं की बाई कुणावर तरी दात खाऊन बसलीय असं वाटायचं. गावानं तिला एक नाव ठेवलं होतं, ते इथं सांगायला नको. अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा चांगली चारचौघींसारखी होती. पुढं अंग भरत गेलं तसा जबडाही पुढं येत गेला. सोळाव्या वर्षी सासरच्यांनी गाडीत घातलं, चार दिवस माहेरी राहून ये म्हणाले, आणि न्यायला कुणी फिरकलंच नाही. त्या चार दिवसांची तीस वर्षं झाली. आक्का पदर तोंडावर धरून बोलायची आणि भिंतीकडं तोंड करून जेवायची. भाऊ समोर असला तरी.

ताना नऊ वर्षांची झाली, दुधाचे दात पडून नवे आले, आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढं आले. ते पहिल्यांदा दिसलं आक्कालाच. तिनं पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं, बराच वेळ बघितलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

"माझंच हाड आलंय तिला," एवढंच ती जोतीरामला म्हणाली.

जोतीराम काय करणार? हाड का चांदी आहे, तापवून ठोकायला? तो नुसता कुढत राहिला. पण नशिबानं दोन-एक वर्षांपूर्वी कोल्हापुरात, शनिवार पेठेत, मुंबईहून आलेल्या एका दाताच्या डॉक्टरांनी दवाखाना थाटला होता. दात बांधायला त्यांना चांदीची बारीक तार लागायची आणि ती ओढायचं काम जोतीरामकडं नुकतंच आलं होतं. तार पोचवायला गेला असताना कपाटात त्याला पांढरे साचे दिसले. माणसांच्या दातांचे, हिरड्यांसकट. त्यातले दोन शेजारी-शेजारी ठेवलेले. पहिल्यात खालचे दात पुढं, अगदी तानासारखे. दुसऱ्यात वरचे दात खालच्यावर नीट बसलेले.

"ही दोन पोरं कुनाची?" त्यानं कंपाउंडरला विचारलं. कंपाउंडर कुतुबुद्दीन, इथलाच, शुक्रवार पेठेतला. साचे तोच काढायचा.

"दोन कुठली? एकच हाय. हा आधीचा, आन् हा दीड वर्सानंतरचा."

जोतीरामनं तारेचं भेंडोळं तिथंच बाकावर ठेवलं आणि तो साच्यांकडं बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बैल जुंपले, आणि पाच-सहा कोस गाडी हाणत तानाला घेऊन तो दवाखान्याच्या दारात हजर झाला.

डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि त्याला समजेल असं सांगितलं. हनुवटीवर एक वाटी बसवायची. वाटीला दोन्ही बाजूंनी चामड्याचे पट्टे, ते कानावरून वर नेऊन डोक्यावरच्या टोपीला बांधायचे. रोज दिवेलागणीला बांधायची ती सकाळी सोडायची. "जबडा वाढायला निघाला की त्याला पुढं वाट मिळता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "हाड वाढतंय तोवरच ते ऐकतं. सोळा वर्षांची होईपर्यंत. त्यानंतर मी काही करू शकणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

वाटी विलायतेहून मागवायची तर सहा महिने जाणार. जोतीराम म्हणाला, मी करतो. कुतुबुद्दीननं पोरीच्या हनुवटीचा साचा काढून दिला आणि जोतीरामनं त्या साच्यावर चांदीचा पत्रा ठोकून वाटी केली. डॉक्टरांनी ती पोरीला लावली आणि वाटी व कातडीच्या मधे पातळ कागद सरकवून बघितला. कागद शिरला नाही. "उत्तम," डॉक्टर म्हणाले, आणि जोतीरामला आयुष्यात कुठल्या दागिन्याचं वाटलं नसेल तेवढं त्या वाटीचं अप्रूप वाटलं.

पण घरी काय हाल झाले म्हणता. पहिले कित्येक महिने पोर रडायची. जबडा ठणकायचा, कानामागं पट्ट्याचे वण उठायचे. बांधायचं काम आक्काचं. ती पोरीला मांडीत दाबून धरायची, पट्टा ओढायची, आणि स्वतः रडत-रडत म्हणायची, "रड, बाय, रड. आत्तीवानी जन्मभर रडण्यापरीस आत्ताच रडून घे." जोतीरामला ते बघवायचं नाही. दिवेलागण झाली की तो बैलांना वैरण टाकायचं निमित्त काढून परड्यात जाऊन उभा राहायचा. महिन्याला एकदा कोल्हापूरची खेप, आणि डॉक्टर दर खेपेला पट्टा एक भोक आवळायचे.

दीड वर्षानं, सुगीत, ताना उसाचं कांडं घेऊन अंगणात बसली होती. आजवर तिला ऊस कधी पुढच्या दातांनी सोलता आला नव्हता. दातांत दात बसायचेच नाहीत, मग ती दाढेत धरून पिरगाळायची, नाहीतर आक्का विळीवर सोलून द्यायची. त्या दिवशी तिनं कांडं तोंडात धरलं आणि सर्रकन साल ओढली. अख्खी, वरपासून खालपर्यंत. तिलाच नवल वाटलं. तिनं दुसरी ओढली. आक्का दारात उभी राहून बघत होती, ती हसायला लागली. तोंडावर पदर घ्यायचा ती विसरली होती. आपली बहीण हसताना कशी दिसते हे जोतीरामनं तीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

त्याच वर्षी मलकापूरचं स्थळ आलं. मुलगा कृष्णात, त्याची आई बयाबाई, लांबच्या नात्यातलीच माणसं. ताना अकरा वर्षांची, गोरीगोमटी, हसरी. बयाबाईनं पोरीच्या तोंडात साखर घातली आणि शब्द दिला, "पोरगी आमची झाली. तीन-चार वर्सानं बार उडवून टाकू."

सगळं असं मार्गी लागलं असताना लढाई सुरू झाली. विलायतेतली लढाई, तिचं कोल्हापूरला काय, असं लोक म्हणायचे. पण डॉक्टरांना पलटणीबरोबर जायचा हुकूम आला, आणि ताना बारा वर्षांची असताना दवाखान्याला कुलूप लागलं. जायच्या आधी डॉक्टर जोतीरामला म्हणाले, "अजून चार वर्षं. मधे सोडलंत तर सगळं जाईल." कुतुबुद्दीनही वेशीपर्यंत सोडायला आला. "आता तुमीच डॉक्टर, जोतीरामभाऊ. घट्ट बसली पायजे, एवढं ध्यानात ठेवा म्हंजे झालं."

जोतीरामनं सोडलं मुळीच नाही. हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. एक संध्याकाळ त्यानं चुकवली नाही, सणाला नाही, पाहुणे आले तरी नाही.

पण पोर वाढत होती आणि जुनी वाटी लहान पडायला लागली. कडा रुतायची, हनुवटीवर लाल रेघ उठायची. नवी करणं भाग होतं. दवाखाना बंद, साचा काढणारा कुतुबुद्दीन पोटासाठी मिरजेला गेलेला. जोतीरामनं तानाला समोर बसवलं आणि दोरा घेतला. हनुवटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं. तीस वर्षं जे हात करत आले तेच हातांनी केलं. दोऱ्याच्या पुढं करंगळी ठेवली आणि करंगळीच्या पलीकडं पत्रा कापला.

वाटी मोठी देखणी झाली. कडेनं त्यानं वेल काढली, आतून मऊ फडक्याचं अस्तर दिलं. पट्टेही नवे, लांब. ताना त्या रात्री न रडता झोपली. पोरीला आराम पडलेला बघून जोतीरामचा जीव इतका निवला की त्याला वाटलं, आपण डॉक्टरांपेक्षा चांगलं काम केलं.

दुसऱ्या संध्याकाळी पट्टा बांधताना आक्कानं वाटीला बोट लावलं.

"जोती, ही हलतीया."

"हलनारच की. वाढतं अंग हाय, आक्का. आवळून घातली तर वरीसभरात रुतंल पुन्ना."

"आदीची हलत नव्हती."

"आदीची रुतत हुती, ते दिसलं न्हाय तुला? पोरगी किती रडायची. आता बघ, कशी झोपतीया."

आक्कानं पुन्हा एकदा वाटीला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "तू कारागीर. तुला कळतंय," आणि तिनं पट्टा तो म्हणाला तसा बांधला.

रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस वाढताना दिसत नाही. तानाचा जबडा पुढं सरकत होता, गव्हाच्या दाण्याएवढा, मग आणखी एक दाणा, आणि घरात कुणाला ते उमगलं नाही. किंवा आक्काला उमगलं असेल आणि तिनं तोंडातून काढलं नसेल. वाटी पुन्हा लहान झाली तशी जोतीरामनं तिसरी केली. पुन्हा वेल काढून, पुन्हा करंगळीभर जागा सोडून.

तानाला पंधरावं लागलं तेव्हा बयाबाई तारीख धरायला आली. जोतीरामनं पुरणपोळी करायला लावली होती. जेवणानंतर परातीत उसाची कांडी आली, सगळे खायला बसले, आणि तानानंही एक उचललं. तिनं ते दाढेत धरलं आणि मान वाकडी करून पिरगाळलं. जोतीरामच्या हातातलं कांडं तसंच राहिलं. बयाबाई आधी तानाकडं बघत होती. मग तिनं स्वयंपाकघराच्या दारात, पदर तोंडावर धरून उभ्या असलेल्या आक्काकडं बघितलं. मग पुन्हा तानाकडं. बाई वाईट नव्हती. वाकडा शब्द एक बोलली नाही. निघताना म्हणाली, "घरात इचारून निरोप धाडते."

निरोप आला नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला. कृष्णाताचं लग्न बांबवड्याच्या मुलीशी झाल्याचं बाजारात कुणीतरी सांगितलं. तानानं अंगणात बसून खाणं सोडलं. जोतीराम मात्र एका गोष्टीवर दम धरून होता. लढाई संपली होती. डॉक्टर येतील. एकदा सरळ केलं तसं पुन्हा करतील. पोरगी कुठं म्हातारी झालीय?

तापाची मोठी साथ ओसरल्यावर डॉक्टर आले. कुतुबुद्दीनही मिरजेहून परतला. निरोप मिळाल्या दिवशीच जोतीरामनं गाडी जुंपली. तानाला सोळावं सरत आलं होतं. तिन्ही वाट्या त्यानं घासूनपुसून फडक्यात बांधून घेतल्या होत्या, आपण काही कसूर केली नाही हे दाखवायला.

डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी तानाचं तोंड तपासलं, मग तिसरी वाटी तिच्या हनुवटीवर बसवून पट्टे बांधले. जोतीराम वाट बघत होता की आता ते कागद मागतील. त्यांनी कागद मागितला नाही. त्यांनी आपली करंगळी वाटीच्या आत घातली. ती सहज गेली.

डॉक्टरांनी कुतुबुद्दीनकडं बघितलं. "ताईंना बाहेर झाडाखाली बसव. पाणी दे." आणि ती गेल्यावर विचारलं, "ही जागा का सोडली?"

"वाढीला," जोतीराम म्हणाला.

म्हणता म्हणताच त्याला कळलं. कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्या जबड्याला वाढीला जागा द्यायची नव्हती, एवढ्यासाठीच ती वाटी होती. आणि त्यानं ती रोज संध्याकाळी, एक दिवस न चुकता, तीन-साडेतीन वर्षं दिली होती. तो बाकावर बसला.

"आता आवळतो," तो म्हणाला. "आजपासनं आवळतो. कागूद जानार न्हाय असं ठोकून देतो."

"हाड आता वाढून झालंय, जोतीराम. आता आवळलंत तर तिला दुखेल, बाकी काही होणार नाही."

"कायच न्हाय?"

"नाही." डॉक्टरांचा आवाज खाली गेला. "मी इथं नव्हतो. तुम्ही तुमच्या परीनं केलंत."

हे ऐकून जोतीराम रडला. परक्या माणसासमोर, बाकावर बसून, फडक्यातल्या वाट्या मांडीवर घेऊन. कुतुबुद्दीन आत आला होता, त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

परतीच्या वाटेवर उचगाव मागं पडलं. मग तानानं विचारलं, "काय म्हनले डाक्टर?"

"बघू म्हनले."

"आबा, ती ढिली हुती. मला कळायचं. पन दुखत नव्हतं, आन् तुमी एवढी वेल काढलेली. म्हनून गप बसले."

"तुझं काय चुकलं न्हाय, बाळ," जोतीराम म्हणाला. त्यानं बैलांना उगाच हाकारलं.

घरी आल्यावर परड्यात त्यानं आक्काला सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती तोंड सोडेल, आणि तिनं सोडावं असंच त्याला वाटत होतं. आक्का गोठ्याच्या मेढीला टेकून ऐकत राहिली.

"मी बोट लावून बगितलं हुतं," ती शेवटी म्हणाली. "माज्या बोटाला कळलं हुतं जोती. पन मला बी त्या रडन्याचा कट्टाळा आलता. पोरगी झोपली तर मला बी बरंच वाटलं." मग तिनं पदर तोंडावर घेतला. रडतानाही तिचा हात तिथंच जायचा.

दुसरा दिवस कामात गेला. एक बाई पोराला तोड्यांच्या मापासाठी घेऊन आली. जोतीरामनं दोरा लावला, करंगळी पुढं आली, आणि तिथंच थांबली. बाई म्हणाली, "काय झालं? ठेवा की जागा." त्यानं जागा ठेवून तार कापली. पोराच्या पायाला जागा लागतेच.

संध्याकाळी तो हातपाय धुऊन पुढच्या सोप्यात आला. दिवा अजून लावायचा होता. खांबाला टेकून ताना बसली होती. डोक्यावर टोपी, हनुवटीला वाटी. वेलीची नव्हे, पहिली, नऊ वर्षांच्या पोरीची, साध्या पत्र्याची. ती तिच्या हनुवटीच्या नुसत्या टोकावर बसत होती. जुन्या पट्ट्यांना तिनं खिळ्यानं नवी भोकं पाडली होती आणि ते इतके ओढले होते की कानामागची कातडी पांढरी पडली होती. वाटीची कडा मासात रुतली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. आक्का चुलीपाशी पाठ करून बसली होती.

"आबा," ताना मिटल्या दातांतून म्हणाली, "माझ्या हातानं ह्याच्याफुडं जाईना. तुमी वडा. मी रडत न्हाय आता."

डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला जोतीरामनं तोंड उघडलं. ती त्याच्याकडं बघत होती. लहानपणी ती रडायची तेव्हा तो परड्यात पळून जायचा. आता ती रडत नव्हती आणि पळायला जागा नव्हती.

तो तिच्यामागं गुडघ्यावर बसला, पट्टा हातात घेतला आणि एक भोक आवळला.

"आजून," ताना म्हणाली.

त्यानं आणखी एक आवळला.